रायटरचे कागद म्हणून पेटी घेतली, निघाला वकिलाचा कारकून

पावसाळी_लीथ

नमस्कार मंडळी,

मी मूळची वाईची, गेली अकरा वर्षं एडिंबराच्या लीथ भागात राहते. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता चिडवत राहतो. अशाच एका चिडवणाऱ्या शनिवारी लिलावात ३५ पौंडांना एक काळी पत्र्याची पेटी घेतली. यादीत लिहिलं होतं, 'एका रायटरचे खासगी व कामकाजाचे कागद, १८३६ ते १८६१'. रायटर म्हणजे लेखक, एवढं इंग्रजी मला येतं! कुणी विस्मृतीत गेलेला कादंबरीकार आपल्या हाती लागला, आता आपण त्याला उजेडात आणणार, इथपर्यंत मनातले मांडे घरी पोचायच्या आत खाऊन झाले. नवरा पेटी वाजवून म्हणाला, "पत्रा जाड आहे, गहू छान राहतील."

उघडली तर कथा नाही की कविता नाही. जमिनी, घरं, कर्जं, मृत्युपत्रं, भाडेपट्टे. बहुतेक मसुदे नाहीतर नकला, आणि अक्षर सगळीकडे एकच. हा लेखक नव्हताच. वकिलाच्या कचेरीत बसून नकला करणारा कारकून होता. माझे आजोबा वाईच्या कोर्टात कारकून. म्हणजे एवढे समुद्र ओलांडून मी पोचले ती पुन्हा आजोबांच्याच टेबलापाशी. (नाव मुद्दाम देत नाही, कुणी वंशज असतीलही. आपण त्याला 'आमचा कारकून' म्हणू.)

पेटीत १४ पुडकी आहेत. प्रत्येकाला फीत बांधलेली. एके काळी गुलाबी असावी, आता पाणचट चहाच्या रंगाची. लालफीत लालफीत म्हणतात ती प्रत्यक्षात गुलाबी असते हे मला तिथे कळलं. कागद उभे, लांबट घडी घातलेले आणि घडीच्या वरच्या टोकाला पक्षकाराचं नाव, विषय, साल. पुडकं न सोडता हवा तो कागद सापडावा अशी सोय. इथवर मी त्याच्यावर खूश होते.

पण आत सगळा काला आहे. भाडेपट्ट्याच्या मसुद्यांच्या मधोमध फाइफच्या किनाऱ्यावरून आलेली बहिणीची पत्रं. एका मृत्युपत्राच्या पाठीवर पेन्सिलीने मेणबत्त्या, कोळसा, ओटमील आणि चांभाराचे पैसे. बहीण तर आडवं लिहून पान संपलं की तेच पान फिरवून त्याच ओळींवरून उभं लिहिते. जाळीतून बघितल्यासारखं वाचावं लागतं.

मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांचा डेटा साफ करते. त्यामुळे पहिला विचार आला तो हाच, की दोन ढीग करावेत: एक खासगी, एक कचेरीचा. मग खासगीचे सालवार, कचेरीचे विषयवार. मुख्य प्रश्न हाच आहे. असं करावं का?

आणि काही गोष्टी अजिबात उलगडत नाहीत.

प्रत्येक पानाच्या तळाशी, मजकूर संपला की तो एक वळणदार रेघ मारतो, मांजराच्या शेपटीसारखी. कचेरीच्या कागदावर ठीक आहे, पण बहिणीला लिहिलेल्या पत्रांच्या मसुद्याखालीही तीच शेपटी. सही नाही, काही नाही.

एका पुडक्यात लिहिलंय की अमक्याने तमक्याला शेतावर नेऊन 'माती आणि दगड' दिले. कशासाठी?

काही कागद पतंगाच्या कागदासारखे पातळ आहेत आणि त्यावर अक्षरं उलटी!

एक बाई प्रत्येक दस्तात दोन आडनावांनी येते, मध्ये 'किंवा'. वकिलालाच बाईचं नाव नक्की ठाऊक नव्हतं का?

पुडकं क्रमांक ९ वर चक्क त्याचं स्वतःचं नाव आहे आणि पुढे 'कॉशन'. स्वतःलाच सावधान म्हणून बजावलंय? आत एक छापील-लेखी दस्त आणि एका मित्राची दहा-बारा चिठ्ठ्यांसारखी पत्रं. मित्र राहायला होलीरूडला, म्हणजे थेट राजवाड्याजवळ. बडं प्रस्थ असावं. दर पत्रात एकच पालुपद, 'रविवारी येतो'. इतर वारी कधीच नाही. आणि कारकुनाच्या खर्चाच्या वहीत दर शनिवारी मटण, पुढे 'दोघांसाठी'. हा एकटा राहत होता.

तेवढं सांगा. नवऱ्याने गहू आणून ठेवलेत.

ठाण्याचा_दिवा

ताई, रायटरवरून फसायला स्कॉटलंडला जायची गरज नव्हती. आपल्याकडे कुठल्याही पोलीस ठाण्यात जाऊन "रायटर कुठे आहेत?" विचारा. जबाब लिहून घेणारा, कागद जुळवणारा, साहेबांच्या नावाने सगळी केस उभी करणारा हवालदार समोर येईल. कादंबऱ्या तोही लिहितो म्हणा, पण आरोपपत्र नावाने. (हलके घ्या.)

कोर्टाची_पायरी

मी ग्लासगोत मालमत्तेच्या दस्तांचंच काम करते, सतरा वर्षं झाली. त्यामुळे धागा बघून हातातला चहा खाली ठेवला.

स्कॉटलंडमध्ये तेव्हा 'रायटर' म्हणजे वकील, जो कोर्टात उभा राहत नसे, कागदपत्र करी तो. वरच्या दर्जाचे ते 'रायटर टू द सिग्नेट' (सिग्नेट म्हणजे राजाची मोहर), त्यांचं ग्रंथालय अजून एडिंबराच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये आहे. जुन्या खानेसुमारीत 'रायटर्स क्लार्क' असा धंदा जागोजाग दिसेल. तो तुमचा माणूस. ईस्ट इंडिया कंपनीतही सर्वांत खालच्या पायरीवरच्या नोकराला रायटरच म्हणत. आपला एल्फिन्स्टन १७९६ मध्ये कलकत्त्याला उतरला तो याच हुद्द्यावर, आणि तोही स्कॉटिशच.

शेपटी. ही मला सगळ्यात आवडली. मजकूर आणि सही यांच्यामध्ये कोरी जागा राहिली तर नंतर कुणीही तिथे एक ओळ घुसडू शकतो. म्हणून नक्कल करणारे कारकून पान संपलं की रेघोटी ओढून जागा बंद करत. वॉल्टर स्कॉटलाही ही खोड होती. तो १७८६ मध्ये वडिलांच्या, म्हणजे अशाच एका सिग्नेटवाल्या रायटरच्या, कचेरीत उमेदवारीला लागला. एका फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराच्या, पानाला तीन पेन्स मिळत. एकदा न जेवता, न उठता त्याने १२० हून जास्त पानं उतरवली. करा हिशेब, तीस शिलिंग. पुढे एवढा मोठा कादंबरीकार झाला तरी खासगी लिखाणाच्या पानाखाली हात आपोआप ती रेघ ओढायचा, असं त्याच्या जावयाने, लॉकहार्टने, चरित्रात नोंदवलंय. आणि हो, तुम्हाला कारकून-कादंबरीकार हवाच असेल तर स्कॉट आहेच: १८०६ ते १८३० तो एडिंबराच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात प्रिन्सिपल क्लार्क होता, न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून निकाल लिहायचा, आणि त्याच्या बहुतेक वेव्हर्ली कादंबऱ्या त्याच काळात लिहिल्या.

माती आणि दगड: हे जमिनीचा ताबा देणं. नुसत्या खरेदीखताने स्कॉटलंडमध्ये जमीन तुमची होत नसे. दोन्ही बाजूंची माणसं, नोटरी आणि साक्षीदार प्रत्यक्ष शेतावर जात, तिथली मातीची ढेप आणि दगड हातात देत, मग नोटरी त्याचं पत्र करी आणि ते सेसीनच्या नोंदवहीत चढे. (सेसीन म्हणजे हाच ताबा, उच्चार 'सेझिन'. ही नोंदवही १६१७ पासूनची.) आपल्याकडे जमीन दान देताना हातावर उदक सोडत, त्यातलाच प्रकार. १८४५ च्या कायद्याने शेतावर जायची सक्ती संपली. तुमचा कारकून त्याआधीचा, म्हणजे साक्षीदार म्हणून चिखल तुडवत गेलाही असेल. साक्षीच्या सह्या बघा.

उलटी अक्षरं: जेम्स वॉट, तोच वाफेच्या इंजिनाचा, त्याने १७८० मध्ये नकलेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ओलसर पातळ कागद पत्रावर दाबायचा, शाई थोडी उतरते, अक्षरं उलटी येतात. कागद इतका पातळ असतो की मागच्या बाजूने सरळ वाचता येतं. उलटा करून खिडकीशी धरा. तेव्हाची झेरॉक्स म्हणा. तसंच जाड कागदही उजेडासमोर धरून बघा, पाण्याच्या खुणेत (वॉटरमार्कमध्ये) बऱ्याचदा कागदाचं साल असतं.

बाईंचं नाव: वकिलाला व्यवस्थित माहीत होतं. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव कायद्याच्या कागदावरून पुसलं जात नाही. आधी माहेरचं, मग 'किंवा', मग सासरचं. माझी आई हे ऐकून म्हणाली, "बरं आहे की."

बहिणीची जाळी: १८४० पर्यंत टपाल कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर आकारत, आणि बहुधा पत्र घेणारा पैसे भरी. दुसरा कागद लावला की भावाला दुप्पट भुर्दंड. म्हणून पान फिरवून लिहायचं. १८४० आधीच्या पत्रांवर कुठे अर्ध्या पेनीचा वेगळा शिक्का दिसला तर तो स्कॉटलंडपुरता जादा कर, चारचाकी टपालगाडीच्या रस्त्यासाठी घेतलेला. १८१३ ते १८३९ एवढाच चालला.

आता क्रमांक ९. 'कॉशन' नाही, इथे उच्चार 'केशन', आणि अर्थ सावधान नव्हे. अर्थ जामीन. तुमचा कारकून कुणाला तरी जामीन राहिलेला दिसतो. दस्त नीट वाचा.

ढीग करायचे का, यावर मी बोलत नाही. आमच्या क्षेत्रात आम्ही कागद जन्माला घालतो, पुढची काळजी दुसरे घेतात.

अव्वल_कारकून

ताई, आधी हात थांबवा. मग बाकीचं.

महसूल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली नऊ रेकॉर्ड रूममध्ये. ढीग करू नका. खासगी आणि कचेरीचा असा भेद तुम्ही करताय, त्या माणसाने केला नव्हता. त्याने कागद ज्या कागदाशेजारी ठेवला, त्याला काही कारण होतं. कधी कारण मोठं असेल, कधी नुसतं टेबलावर जागा नव्हती एवढंच. पण ते तुम्हाला आज ठाऊक नाही, आणि एकदा मोडलं की कधीच कळणार नाही.

आमच्या एका कचेरीत (गाव सांगत नाही) एक नीटनेटके साहेब आले. त्यांनी हुकूम काढला, अर्ज एका रॅकवर, जबाब दुसऱ्या, पंचनामे तिसऱ्या. महिनाभर सगळे शिपाई त्याच कामाला. दिसायला असं सुंदर झालं की पाहुण्यांना दाखवायचे. मग दोन वर्षांनी एका वाटणीच्या दाव्यात कागद मागवले. अर्ज सापडला, जबाब सापडले तीन, आणि त्यातला कुठला या अर्जाचा हे सांगणारा एकही माणूस नव्हता. साहेबांची बदली झाली होती.

पेशव्यांच्या दप्तरात कागद रुमालात बांधलेले असत. रुमाल म्हणजे खरंच चौकोनी फडकं. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही 'अमुक नंबरचा रुमाल' असंच मागतात. फडकं गेलं तरी नंबर ठेवला आहे. तुमच्या फितीचंही तेच समजा.

करायचं एवढंच. एका वेळी एक पुडकं. सोडायच्या आधी फोटो. वरून खाली प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, पुडक्याचा आणि कागदाचा आकडा. पेन नाही, स्टिकर नाही, सेलोटेप तर नाहीच नाही. मग तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या तक्त्यात काय वाटेल ते रकाने करा. खासगी, कचेरी, मटण, बटाटे. हव्या त्या पद्धतीने लावा, दहा वेळा उलटसुलट करा. कागद मात्र जिथल्या तिथे.

शेपटीबद्दल कोर्टाची_पायरी यांनी फार चांगलं सांगितलं. आपल्याकडे हेच काम मोर्तब करी. पत्र संपलं की खाली छोटा शिक्का, 'मर्यादेयं विराजते' किंवा 'लेखनसीमा'. याच्या पुढे लिखाण नाही, कुणी एक शब्दही वाढवायचा नाही. आपण रोज शिक्कामोर्तब म्हणतो त्यातलं मोर्तब ते हे. तुमच्या कारकुनाकडे शिक्का नव्हता, म्हणून बोटाने केलं.

पावसाळी_लीथ

कोर्टाची_पायरी, तुम्हाला साष्टांग. उलटे कागद खिडकीशी धरले, सरळ वाचता आले, आणि मी एकटीच ओरडले.

काका, तुम्हाला मात्र तोंड दाखवायची सोय नाही. धागा टाकायच्या आधीच मी ३, ७ आणि ९ अशी तीन पुडकी सोडून दोन ढीग केले होते. फोटो काढले नाहीत. ९ मधली मित्राची पत्रं 'खासगी' ढिगात गेली, दस्त 'कचेरी' ढिगात. आता?

अव्वल_कारकून

झालं ते झालं. रडू नका. कागद विसरत नाही, आपण विसरतो.

घड्यांची मापं बघा. एकत्र बांधलेल्या कागदांच्या घड्या एकाच रुंदीच्या असतात. बाहेरच्या कागदावर फितीचा पट्टा उमटलेला असतो, तिथे धूळ कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाचणी. तेव्हाच्या टाचण्या गंजतात. टाचणी गेली तरी गंजाचा डाग राहतो, आणि वरच्या कागदाचा डाग खालच्या कागदाच्या डागावर बरोबर बसतो. कागद खिडकीला लावून डागावर डाग बसवा. घाई करू नका. चहा टेबलापासून लांब.

अवांतरप्रेमी

रविवारच्या पाहुण्याचं मी सांगतो, आणि ताई, प्रस्थ वगैरे विसरा. तो दिवाळखोर होता.

होलीरूडच्या मठाच्या आवारात कर्जबाजारी माणसांना आश्रय मिळे. आवाराच्या आत असेपर्यंत धनको त्याला पकडून तुरुंगात टाकू शकत नसे. तेव्हा कर्जासाठी कैद होई, ती बहुतांशी बंद झाली १८८० च्या कायद्याने. अशा आश्रितांना एडिंबराचे लोक थट्टेने 'अ‍ॅबीचे (म्हणजे मठाचे) जमीनदार' म्हणत. बड्याबड्यांनी तिथे दिवस काढलेत, इंग्रज लेखक डी क्विन्सी १८३० च्या दशकात तिथेच होता. आवार काही लहान नव्हतं, आर्थर्स सीटचा अख्खा डोंगर त्यात येई. म्हणजे माणूस डोंगर चढू शके, पण फाटकाबाहेरच्या कॅननगेट रस्त्यावर येऊन पाव घेऊ शकत नसे.

फक्त रविवारी स्कॉटलंडमध्ये कर्जासाठी अटक करता येत नसे. म्हणून शनिवारी मध्यरात्री हे जमीनदार बाहेर पडत, गावात जेवणीखाणी, भेटीगाठी करत आणि रविवारी मध्यरात्रीच्या आत परत. 'रविवारी येतो' यात दुसरा वार येऊच शकत नव्हता. मटण शनिवारी का, तर रविवारी तिथे दुकान उघडलं तर गाव तोंडात शेण घालील. सगळी खरेदी आदल्या दिवशी.

याच्याही आधीची पद्धत आणखी नाट्यमय. कर्ज न फेडणाऱ्याच्या नावाने बाजारातल्या क्रॉसपाशी तीनदा शिंग फुंकायचे आणि तो राजाज्ञा मोडणारा म्हणून जाहीर करायचे. १८३८ च्या कायद्याने हे सोपस्कार बरेच आटोपशीर केले, त्यामुळे तुमच्या मित्रावर शिंग फुंकलं गेलं नसावं. बिचारा एवढ्यापुरता नशीबवान.

तुम्ही लीथलाच आहात. कॅननगेट उतरून राजवाड्याच्या फाटकाकडे जा, अ‍ॅबी स्ट्रँडला रस्त्यात पितळेचे 'एस' बसवलेत. ती हद्द. त्याच्या अलीकडे अटक, पलीकडे सुटका. पर्यटक त्यावर उभे राहून राजवाड्याचे फोटो काढतात.

ठाण्याचा_दिवा

रविवारी अटक नाही! आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी उचलतात म्हणजे सोमवारपर्यंत जामीन नाही. संस्कृती संस्कृतीतला फरक.

कोर्टाची_पायरी

पावसाळी, ९ मधला दस्त बँकेचा आहे का? 'कॅश क्रेडिट' असा शब्द शोधा. ही खास स्कॉटिश पद्धत, १७२८ पासूनची. हाताशी मालमत्ता नसली तरी दोन भरवशाचे जामीन दिले तर बँक ठरावीक रकमेपर्यंत उचल देई, लागेल तशी काढायची, जमेल तशी भरायची. धंदा सुरू करणाऱ्या तरुणांना याचा फार उपयोग झाला. कर्जदार बुडाला तर बँक थेट जामिनांच्या दारात.

पावसाळी_लीथ

चार रविवार गेले. उशिरा लिहितेय, पण सांगायचं पूर्ण झाल्याशिवाय यायचं नव्हतं.

काकांनी सांगितलं तसं ९ नंबरचे सगळे कागद स्वयंपाकघराच्या खिडकीला एकेक करून धरले. दस्ताच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात गंजाचे दोन टिंब आहेत, तिरपे. मित्राच्या अकरा पत्रांपैकी नऊ पत्रांवर तेच दोन टिंब, तितकेच तिरपे. दस्त आणि पत्रं एकाच टाचणीत होती. मी खासगी म्हणून उचलून लांब ठेवली होती ती पत्रं त्या दस्ताचाच भाग होती.

दस्त कॅश क्रेडिटचाच आहे. १८४१. रक्कम १०० पौंड. ज्याला दिलं तो मित्र. जामीन दोन, एक आमचा कारकून आणि दुसरा एक किराणा व्यापारी. काका, 'जामीनकतबा' (जामीन राहिल्याचा लेखी कागद) हा शब्द आजोबांच्या तोंडी असायचा, मला तो इतक्या वर्षांनी तिथे आठवला. आजोबा म्हणायचे, जामीन राहणाऱ्याने आधी आपली भांडी मोजावी.

मित्राचं पहिलं होलीरूडचं पत्र १८४३ च्या सप्टेंबरातलं. आणि त्याच वर्षीपासून खर्चाच्या वहीत दर मे महिन्याच्या १५ ला आणि नोव्हेंबरच्या ११ ला पाच पौंड अशी नोंद. मी ते घरभाडं समजत होते, कारण व्हिटसंडे आणि मार्टिनमस या इथल्या भाड्याच्याच मुदती. (पगारही याच मुदतींना होत असावेत, कारण त्या दिवशी वहीत चांभार, शिंपी सगळ्यांचे चुकते केलेले दिसतात.) पण घरभाडं खाली वेगळं लिहिलंय. पाच पौंड बँकेचे. मार्टिनमस १८४३ ते व्हिटसंडे १८४८, दहा हप्ते, पन्नास पौंड. त्याच्या वाट्याचा निम्मा भाग. व्याज वेगळ्या रकान्यात.

पैसे कुठून आणले तेही सापडलं. त्या पाच वर्षांत वहीच्या समासात बारीक आकडे आहेत, १८, २२, ३१. मला हे काहीतरी सांकेतिक वाटलं होतं. कोर्टाची_पायरी यांचा तीस शिलिंगांचा हिशेब वाचला तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती पानं आहेत. रात्री घरी बसून बाहेरच्या नकला करायचा. त्याच महिन्यांत मेणबत्त्यांचा खर्च वाढतो.

मित्राने एकाही पत्रात पैशाचा विषय काढलेला नाही. 'रविवारी येतो, मोजे असले तर ठेव', एवढंच. आमच्या कारकुनाने उत्तरं दिली असतील तर त्यांची नक्कल ठेवलेली नाही. बहिणीला लिहिलेल्या एका मसुद्यात मात्र, फाइफला यंदाही का येता येत नाही याची तीन वेगवेगळी कारणं लिहून तिन्ही खोडलीत आणि 'कचेरीत फार काम आहे' असं लिहून खाली शेपटी ओढली आहे. पुढे लिखाण नाही.

तिन्ही पुडकी जमेल तशी पुन्हा बांधली आहेत. ३ आणि ७ बद्दल खात्री नाही, तसं पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून आत ठेवलं. इथल्या एका अभिलेखागाराशी बोलणं चालू आहे, पुडकी फोडणार नाही एवढी हमी मागितली आहे. पेटीही त्यांनाच देणार, गव्हाला दुसरा डबा आणला.

शेवटचा हप्ता सोमवारी, १५ मे १८४८ ला गेला. बँकेची पावती आहे. त्याच्या वरची ओळ शनिवार १३ मे: मेणबत्त्या नाहीत, कोळसा नाही. मटण, दोघांसाठी.